राखीव भाषा

मृत्यू, आग, आई, रक्त, मूल. डॉ. रेवा सातपुतेने यादीतले शब्द एकेक करून तटी भाषेत वाचले आणि पडद्यावरची रेघ सरळ चालत राहिली. समोर बसलेल्या मालन शिंत्रेचे दोन्ही तळवे धातूच्या पट्ट्यांवर टेकलेले होते. अवघड शब्द संपले होते. उरलेले घरगुती होते आणि ते वाचताना परीक्षकही जरा सैलावतो. दार, पाणी, दोरी, मीठ.

मिठाला रेघ पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली.

रेवाने पट्ट्या पुसल्या, यंत्र तपासलं आणि शब्द पुन्हा वाचला. तटीत मिठाला 'नेल' म्हणतात. नेल म्हटलं की रेघ पुन्हा उसळली.

"काकू, हात हलला का तुमचा?"

"नाही की," मालन म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

ही चाचणी कशासाठी होती, ते सांगायला हवं. एके काळी माणसाचा कृत्रिम श्वास चालू ठेवायचा की थांबवायचा, हे रुग्णालयाच्या व्हरांड्यात ठरत असे. तिथे रडारड, भाऊबंदकी, लोक काय म्हणतील याची धास्ती, सगळं एकाच पातेल्यात शिजायचं आणि शेवटी डॉक्टरांना मार पडायचा. मग काही मानसशास्त्रज्ञांनी एका जुन्या निरीक्षणाकडे नव्याने पाहिलं. माणूस मातृभाषेत भितो, लाजतो, हळहळतो. तोच प्रश्न त्याला मोठेपणी शिकलेल्या भाषेत विचारला, तर तो बराच शांतपणे पुढचा विचार करतो. परक्या भाषेतली शिवी आपण हसत हसत देतो. आपल्या भाषेतली तोंडातून काढताना आजूबाजूला कोण आहे ते बघतो. यात नवल काही नाही, पण त्यावर कायदा करावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

भाषा दोन वाटांनी येते, असं या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. पहिली वाट अंगावरून जाते. भूक लागलेली असते, कुणी रागावलेलं असतं, गुडघा फुटलेला असतो आणि त्याच वेळी शब्द कानावर पडत असतात. शब्द आणि कळ एकाच जागी साठतात. ही अंगभाषा. दुसरी वाट फळ्यावरून येते. नियम, सराव, परीक्षा. ती डोक्यात बसते, पण अंगाला लागत नाही. ही पाटीभाषा. अंगात भाषा मुरण्याचं वय लहानपणीच संपतं, त्या वयाला मुरणकाळ म्हणतात. तो उलटल्यावर शिकलेली भाषा कायम पाटीवरच राहते. राज्यकर्त्यांना असं स्वच्छ शास्त्र फार आवडतं.

अडचण एवढीच होती, की दुसरी भाषा येणारी माणसंच उरली नव्हती. प्रत्येकाच्या कानात दुभाष्या होता. समोरचा तमिळ बोलो की जपानी, कानात मराठीच पडायची, मग शिकायचे कष्ट कोण घेणार? म्हणून एक भाषा मुद्दाम घडवण्यात आली. तिचं नाव तटी. काठावर उभं राहून प्रवाहाकडे पाहायची भाषा. मुरणकाळ संपल्यावर प्रत्येक मुलाला ती सक्तीने शिकवली जाऊ लागली. कुणावर जीव जडू नये म्हणून शिक्षक दर आठवड्याला बदलत. तासाला गाणी नाहीत, गोष्टी नाहीत, विनोद नाहीत, डबा खायचा नाही. भाषेत शिव्याच ठेवल्या नव्हत्या आणि लाडाची हाकही नव्हती. मुलं कंटाळून शिकत आणि पास होत. पुढे आयुष्यात कधीतरी एकदा, रुग्णालयातल्या निर्णयकक्षात, कानातला दुभाष्या काढून ठेवून त्या भाषेत बोलत. त्याआधी व्हायची ती ओलचाचणी. मन हललं की तळव्याला बारीकसा घाम येतो आणि तो कुणालाही लपवता येत नाही. रेघ सरळ राहिली, म्हणजे त्या माणसातली तटी अजून थंड आहे, असा अर्थ होता.

मालनचा नवरा दिगंबर शिंत्रे सांगलीतला हळदीचा अडत्या. दुकानातच डोक्यात रक्तस्राव होऊन तो कोसळला आणि तेव्हापासून यंत्रावर होता. शुद्धीवर येण्याची आशा फार थोडी आणि आल्यावर बोलण्याची, ओळखण्याची त्याहून थोडी. मूलबाळ नव्हतं. निर्णयाचा हक्क मालनचा होता, पण तो तटी थंड असेल तरच.

"मिठाचं काय आहे, काकू?" रेवाने विचारलं.

मालनने पदर सारखा केला. "सांगितलं तर हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. आमटीत मीठच घातलं नाही मी. पंगतीला सासरे, चुलत सासरे, समोर सासूबाई वाढायला. पहिला घास यांनी घेतला. सासूबाईंचा तोंडाचा पट्टा माहीत होता यांना. मराठीत बोलले असते तर झालंच माझं. तर हे ताटाकडे बघत एकच शब्द बोलले, नेल. म्हाताऱ्यांच्या वेळी तटी कुठली असायला, आणि घरात दुभाष्या कोण घालतं? कुणाला कळलं नाही. मी मीठ आणून आमटीत टाकलं."

"आणि मग?"

"मग काय, लागली सवय. मराठीत मी यांना अहो म्हणणार, चारचौघांत मान वर करून बोलायची नाही. तटीत कसलं अहो नि कसलं काय! तिथं मी त्याला दिगंबर म्हणायचे. भांडायचं तटीत, रुसवा काढायचा तटीत. घर माणसांनी भरलेलं असायचं आणि आमचं दोघांचं आपलं चाललेलं. त्यांच्या घराण्यातच आहे ते. आजोबांच्या काळी हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायचे म्हणे. शंभर माणसं बघतायत, पण कळतं दोघांनाच."

रेवाने पेन खाली ठेवलं. तिच्या संस्थेत हजारो चाचण्या झाल्या होत्या आणि तटी तापलेली एकाही माणसात सापडली नव्हती. कारण तटीत कुणी राहतच नसे. भाषा मुरायला कोवळं वय लागतं, असं तिने पुस्तकात वाचलं होतं आणि पुढे स्वतःही तसंच लिहिलं होतं.

"आमच्या सिद्धांतात वय होतं, काकू," ती म्हणाली. "संसार धरला नव्हता आम्ही."

"म्हणजे मी नापास?"

"तटीत नापास. आता कायद्याप्रमाणे तीन माणसांचं मंडळ ठरवेल."

"ती माणसं यांना ओळखतात का?"

"ओळखत नाहीत, म्हणून तर नेमतात."

मंडळ काय ठरवणार हे सांगायची गरज नव्हती. ज्यांना जवळचं कुणी नसे, त्यांचं मंडळच ठरवायचं आणि त्याने यंत्र चालू ठेवायला सांगितल्याचं सांगलीत कुणी ऐकलं नव्हतं.

"दुसरी वाट आहे," रेवा म्हणाली आणि ती सांगताना तिला थोडा अभिमान वाटला, कारण ती वाट तिनेच घालून दिली होती. तटी कधीतरी बिघडेल, या शक्यतेने संस्थेने एक राखीव भाषा घडवून ठेवली होती. तिचं नाव पैल. जेमतेम चारशे शब्द. जगात ती कुणीही बोलत नव्हतं. मालन ती शिकली आणि ओलचाचणीत ती थंड निघाली, तर हक्क तिच्याकडे राहणार होता. तोपर्यंत यंत्र चालू राहील.

"दीड महिना लागेल. तुमच्या वयात जड जाईल."

"जड जाऊ दे. परक्या माणसांनी ठरवण्यापेक्षा बरं."

"तुम्ही काय ठरवणार, ते मी विचारत नाही."

"विचारा की. चालू ठेवणार. त्यात लपवायचं काय?"

रेवाने यावर मान डोलावली नाही. "आत गेल्यावर वेगळं दिसतं, काकू. मीही आत बसले होते, आईसाठी. बाहेर रडून रडून डोळे सुजले होते. आत तटीत प्रश्न विचारले आणि सगळं नितळ झालं. थांबवा म्हणाले. घरी येऊन जेवले, झोपले. त्या निर्णयाचा मला आजवर त्रास झाला नाही."

"त्यानंतर कधी तटी बोललात?"

"चाचणीचे शब्द वाचते, रोज."

"त्यात थांबवा असतो?"

"नसतो. निर्णयाचे दोन शब्द यादीत घेत नाहीत. माणूस आधीच बिचकू नये म्हणून."

मालनने तेवढंच ऐकून घेतलं.

पैलचे धडे एका बंद खोलीत यंत्र द्यायचं. दर धड्याला आवाज वेगळा, कधी बाईचा, कधी पुरुषाचा, एकही पुन्हा येत नसे. मालनला पहिल्या आठवड्यात काहीच जमेना. शब्द आठवायला गेलं की तटीतला यायचा, त्याच्या मागोमाग दिगंबरचा आवाज यायचा आणि तिचे डोळे भरायचे. यंत्र थांबायचं, वाट बघायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. यंत्राला राग नव्हता, म्हणून तिलाही यंत्राचा राग येईना. हळूहळू शब्द बसायला लागले. त्यांना वास नव्हता, चव नव्हती. पैलमध्ये मिठाला जो शब्द होता, तो ती शिकली आणि तो फक्त मिठाचाच राहिला.

रेवाने तिला एक पथ्य घातलं होतं. पैल कुणाशी बोलायची नाही, स्वतःशी पुटपुटायची नाही आणि दिगंबरच्या खाटेजवळ तर मुळीच नाही. रोज धडा संपला की मालन त्याच्यापाशी येऊन बसायची. श्वासाच्या यंत्राचा भाता वरखाली होत असे. ती त्याला तटीतून घरचं सांगायची. पावशेर हळद उगीच दळून आणली, शेजारणीचा नातू रांगायला लागला, असं काहीबाही. कधीकधी नवा शिकलेला शब्द जिभेवर यायचा, तो ती गिळायची. भाषा वापरली की तापते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि ही तापून चालणार नव्हती. नवऱ्यासाठी एक भाषा तिने जिवापाड जपून थंड ठेवली.

तिचा बेत साधा होता. तो तिने त्याला सांगूनही टाकला.

"तू काळजी करू नकोस, दिगंबर. भाव मी घरी ठरवलाय. तिथं फक्त बोट दाबायचं."

अडत्याच्या घरातली रीतच ती. माल घेऊन बाजारात जायचं ते भाव घरी ठरवून. रुमालाखाली काही ठरत नसतं, ठरलेलं नुसतं कळवायचं असतं. पैल हा तिच्या लेखी रुमाल होता. 'चालू ठेवा' याला पैलमध्ये 'तामी' म्हणतात आणि 'थांबवा' याला 'लुवे'. तामी तिने पक्का पाठ केला. लुवे तिने एकदाच ऐकला आणि सोडून दिला.

ओलचाचणी झाली. मृत्यूपासून मिठापर्यंत रेघ सरळ गेली. रेवाने सही केली आणि मालनला निर्णयकक्षात पाठवलं. कानातला दुभाष्या तिने दारातच काढून दिला.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीतून येणारा आवाज, एवढंच होतं. रेवा काचेपलीकडून ऐकत होती. पैल समजणारी तीच एक होती.

आवाजाने विचारलं, रुग्ण कोण?

दिगंबर शिंत्रे, मालन म्हणाली. पैलमध्ये ते नाव इतर कुठल्याही नावासारखं वाटलं.

रुग्णाला आता काय कळतं?

काही कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे.

पुढे कळेल का?

बहुधा नाही.

तामी म्हणायला ती टपलेली होती. पण तो प्रश्न अजून आला नव्हता आणि आलेल्या प्रश्नांची उत्तरं खरी होती, ती द्यावीच लागत होती.

रुग्ण असा राहावा असं त्याला स्वतःला वाटलं असतं का?

मालन थांबली. दिगंबर एकदा दुकानात म्हणाला होता, हळदीला कीड लागली की पोतं गोदामात ठेवू नये, बाकीची पोतीही जातात. नंतर स्वतःच्या म्हाताऱ्या काकाकडे बघून, मला असं ठेवू नका, असंही म्हणाला होता. मराठीत किंवा तटीत हे आठवलं असतं, तर तिने ते आठवणीच्या तळाशी दाबून टाकलं असतं. इथे ते टेबलावर ठेवल्यासारखं समोर होतं.

नाही, ती म्हणाली.

मग तो असा राहणं कुणासाठी आहे?

माझ्यासाठी.

हे उत्तर द्यायला तिला जराही कष्ट पडले नाहीत. दोन आणि दोन चार म्हणावं, इतक्या सहज ते आलं. मग आवाजाने शेवटचं विचारलं. काचेपलीकडे रेवा तामी ऐकायला तयार होती. दीड महिना तिने या बाईला पाहिलं होतं.

लुवे, मालन म्हणाली.

खोलीतला दिवा हिरवा झाला. निर्णय नोंदला गेला होता आणि नोंदलेला निर्णय फिरवता येत नसे. या कलमावरून पूर्वी बराच वाद झाला होता. बाहेर पडलेला प्रत्येक जण निर्णय फिरवायला बघतो, म्हणूनच हे कलम हवं, असं तज्ज्ञांनी तेव्हा सांगितलं होतं.

मालन शांतपणे बाहेर आली. दारातल्या मुलीने तिला दुभाष्या परत दिला, तो तिने कानात बसवला. मुलीने मराठीत विचारलं, "काकू, काय ठरलं?"

मालनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सांगायचं म्हणजे मराठीत सांगायचं होतं. तिने मनात वाक्य जुळवलं आणि ते पुरं व्हायच्या आत ती भिंतीला धरून खाली बसली.

संध्याकाळी यंत्र बंद केलं. मालन खाटेजवळच होती. तिने त्याला तटीतून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण थांबवा याला तटीत काय म्हणतात, ते तिला आठवेना. त्यांच्या संसारात तो शब्द कधी लागलाच नव्हता. ती नुसती त्याचं नाव घेत राहिली.

नियमाप्रमाणे राखीव भाषेची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा व्हायची होती. पैल आणखी कुणाला देता येईल का, एवढंच संस्थेला बघायचं होतं. मालन आली. वाळली होती, पण बोलणं तसंच होतं. तिने आपणहून तळवे पट्ट्यांवर ठेवले.

रेवाने यादी वाचली. मृत्यू, आग, आई, रक्त, मूल. दार, पाणी, दोरी, मीठ. रेघ एकदाही हलली नाही.

"थंड आहे, काकू," रेवा म्हणाली. "घरी बोलत नाही ना ही?"

"कुणाशी बोलू? एकदाच बोलले." मालनने हात उचलला नाही. "डॉक्टर, तो शब्द वाचा."

"तो यादीत नाही."

"माहीत आहे. वाचा की."

रेवाने यादी बाजूला सारली आणि ती म्हणाली, "लुवे."

रेघ वर गेली आणि पडद्याबाहेर गेली. यंत्राने मोजमाप वाढवलं, तरी ती मावेना. पंगती, रुसवे, अख्खा संसार मिळून नेलने जेवढं साठवलं होतं, त्याच्या कितीतरी वर ती गेली होती. आणि हा शब्द मालनच्या तोंडून उभ्या आयुष्यात एकदाच निघाला होता, थंड डोक्याने, थंड भाषेत.

मालनने पडद्याकडे पाहिलंही नाही. तिने पदराने हात पुसले.

"भाव घरी ठरवून गेले होते मी," ती म्हणाली. "बाजारात दुसरीच बाई बसली जाऊन. तिनं सौदा केला आणि उठून गेली. ती काही घरी आली नाही. घरी यायचं माझ्या वाट्याला आलं."

"तुमचा निर्णय चूक नव्हता, काकू."

"चूक होता असं मी कुठं म्हणते? बरोबरच असंल. मी नव्हते तिथं, एवढंच सांगते." ती उठली. दारापाशी जाऊन वळली. "ही पण भाषा गेली म्हणायची माझी. तुमच्याकडे अजून आहे का एखादी शिल्लक? माझी वेळ येईल तेव्हा माझं मीच ठरवीन म्हणते."

"नाही," रेवा म्हणाली. "दुसरी नाही."

मालन गेली. रेवा अहवाल लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्यापाशी अडली. ओलचाचणी निर्णयाआधी होत असे. निर्णयानंतर कुणाचीही चाचणी आजवर घेतलेली नव्हती, कारण घेण्याचं कारण नव्हतं. देशातली लाखो माणसं त्या खोलीत बसून आली होती आणि शांतपणे घरी जाऊन जेवली, झोपली होती. त्यांना पुन्हा तो शब्द कुणी ऐकवला नव्हता. आपल्याला त्रास झाला नाही, असं ती सगळी सांगत होती आणि त्यावरच कायदा उभा होता.

यंत्र चालूच होतं. पट्ट्यांवर मालनच्या हातांचा घाम अजून वाळला नव्हता. रेवाने तो पुसून काढला आणि आपले तळवे ठेवले. यादीची गरज नव्हती. तटीतला एकच शब्द म्हणायचा होता, आईसाठी म्हटलेला. तेव्हा तो तिने अगदी स्पष्ट आणि चढ्या आवाजात म्हटला होता, नोंद घेणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. शब्द तिला पाठ होता, पण तो काही केल्या तोंडातून बाहेर येईना. आणि रेघ केव्हाच वर चढायला लागली होती.